आत, बाहेर आणि ओसरी

आमचे साडू घरातून निघताना कडी तीनदा ओढून बघतात. पहिल्यांदा ती लागली का हे बघायला, दुसऱ्यांदा पहिल्यांदा नीट बघितलं का हे बघायला, आणि तिसऱ्यांदा, या छळाला कंटाळून ती आपणहून निघाली तर नाही ना, हे बघायला. मग जिना उतरतात आणि गॅस बंद आहे का हे विचारायला पुन्हा वर येतात. घरात त्या वेळी बायको असते, सासूबाई असतात आणि गॅसवर दूध असतं. गॅस बंद नसतोच. मग दूध उतरेपर्यंत हे उंबऱ्यात उभे.

त्यांना सगळे चावीवाले म्हणतात. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी एकतीस वर्षं चावी फिरवली. ही चावी खिशात मावणारी नव्हे. छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, कांब खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी वेढे द्यायचे. सकाळी साडेपाचला या गल्लीला अकरा वेढे, सव्वासहाला उतारावरच्या चाळींना सात. अर्धा वेढा कमी पडला की तिसऱ्या मजल्यावरून शिव्या, अर्धा जास्त झाला की तळमजल्यावरून. नोकरीच्या चौथ्या वर्षी एक चावी त्यांच्या हातून उघडी राहिली आणि एका तळघरातल्या छापखान्यात गुडघाभर पाणी शिरलं. माणसं वाचली, कागद गेला. कडी तीनदा ओढणं तेव्हापासूनचं आहे. त्याआधी ते एकदाच ओढत, असं जुने लोक सांगतात.

निवृत्त झाल्यावर चावी खात्यात जमा झाली, पण काळजी जमा करून घ्यायला खात्यात खिडकी नव्हती. ती ते घरी घेऊन आले.

अशा माणसाच्या घरी एके दिवशी इस्पितळाचं पत्र आलं.

माझी मेव्हणी, म्हणजे चावीवाल्यांची बायको, एका मोठ्या इस्पितळाचे अहवाल घरी बसून टाइप करते. डॉक्टर बोलून ठेवतात, ही कानाला लावून ऐकते आणि टाइप करते. डॉक्टरांचं अक्षर कोणाला लागत नाही. हिला त्यांचं पुटपुटणंसुद्धा लागतं. जांभई कुठली आणि आजाराचं नाव कुठलं, हे ती बिनचूक ओळखते. इस्पितळ दोन बस बदलून पावणेदोन तासांवर आहे. घरून काम मिळालं म्हणूनच तिला ते करता येतं, कारण घरात सासूबाई आहेत. आमच्या दोघांच्याही सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून चालतात, म्हणजे चालावं अशी डॉक्टरांची अपेक्षा आहे. कोणी बघत नसलं की वॉकर कोपऱ्यात ठेवून भिंत धरून चालतात.

पत्रात लिहिलं होतं की घरून काम करणाऱ्या एका बाईच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी चोर शिरला आणि रोग्यांचे कागद चव्हाट्यावर आले. सबब, घरून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्या नेटची तपासणी होईल. तिथे फायरवॉल असावी. घरातल्या जाळ्यावर कुटुंबाबाहेरचं कोणीही नसावं. तपासणीत उणं आढळल्यास दुसऱ्या दिवसापासून इस्पितळात येऊन काम करावं. तपासणी तीन आठवड्यांनी, गुरुवारी, सकाळी दहा वाजता.

त्या दिवशी चावीवाल्यांनी चहा दोनदा मागितला आणि एकदाही प्यायला नाही.

"साडूभाऊ," त्यांनी मला फोन केला, "फायरवॉल म्हणजे नक्की काय असतं?"

"भिंत."

"ते मलाही कळतं हो. कुठे बांधायची?"

मला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीवर मी सहसा दहा मिनिटं बोलू शकतो, पण साडूंच्या आवाजात तळघरातलं पाणी ऐकू येत होतं. आम्ही दोघं बाजारातल्या दुरुस्तीवालीकडे गेलो.

ही दुरुस्तीवाली एका जिन्याखाली बसते. तिच्याभोवती मेलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग असतो आणि ती त्यातल्या कोणालाही मेलेलं मानत नाही. तिने पत्र वाचलं, चष्मा डोक्यावर सरकवला.

"तयार भिंत विकत मिळते काका, पण घेऊ नका. घरी एखादा जुना कॉम्प्युटर पडलाय?"

"आहे. माळ्यावर. लेक नोकरीला दूर गेली तेव्हा तो वर गेला."

"मग झालं. त्याला रखवालदार करा. त्याला दोन तोंडं पाहिजेत, नेटची वायर खोचायची. एका तोंडाला जग, दुसऱ्या तोंडाला घर. घरातल्यानं काही मागितलं की तो जगातून आणून देणार. कोणी न मागता आलं, तर दारातून परत."

पत्र आल्यापासून पहिल्यांदाच चावीवाल्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह!"

"ते काय असतं?"

"पाणी एकाच दिशेनं जातं. उलटं यायला लागलं की झडप पडते."

"हां, तेच. फक्त पाण्याच्या जागी चोर."

हे ऐकून उजेड पुन्हा मावळला.

तिने एका बंद पडलेल्या कचेरीतून आलेलं दोन तोंडांचं एक कार्ड दिलं. कॉम्प्युटरचं स्वतःचं एक तोंड असतंच. म्हणजे झाली तीन. एक छोटी वायफायची डबी दिली, पेन ड्राइव्हवर भिंतीचा फुकट मिळणारा प्रोग्राम घालून दिला, आणि निघताना बजावलं, "नेट कंपनीच्या डबीचं वायफाय बंद करा हं. नाहीतर दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी!" चावीवाले हे वाक्य घरी जाईपर्यंत पुटपुटत होते. जिन्यात त्यांना आपल्या घराची खिडकी आठवली, आणि मला खाली उभं करून ते ती बघून आले.

कॉम्प्युटर माळ्यावरून काढणं हा एक स्वतंत्र सोहळा झाला. मेव्हणीने शिडी धरली, मी मेव्हणीला सूचना दिल्या आणि सासूबाईंनी मला. झाकण उघडलं तेव्हा आत बोटभर धूळ, पालीच्या अंड्यांची दोन टरफलं आणि लेकीची शाळेतली केसाची पिन निघाली. चावीवाल्यांनी स्क्रू काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, प्रत्येकाभोवती पेनाने गोल काढला आणि गोलात आकडा लिहिला. अकरा स्क्रू निघाले. परत बसवताना बाराही बसले असते, इतके ते घाबरलेले होते.

एक गोष्ट त्यांना सहन होईना. तीन तोंडं आणि वायरी दोन. तिसरं तोंड उघडं.

"उघडं तोंड ठेवायचं नसतं," ते म्हणाले. एकतीस वर्षांची सवय. त्यांनी जुन्या बनियनची चिंधी घट्ट गुंडाळली आणि त्या भोकात बुचासारखी बसवली.

तपासणीच्या आठवड्यात, सोमवारी, मेव्हणीने त्यांना एक तास दिला. नऊ ते दहा. दहापासून डॉक्टरांचं बोलणं यायला लागतं आणि ते तासाभरात टाइप होऊन परत जावं लागतं. कोणीतरी ऑपरेशनच्या टेबलाशेजारी त्याची वाट बघत असतं.

चावीवाल्यांनी दोन चिकटपट्ट्या कापल्या. एकीवर लिहिलं 'आत', दुसरीवर 'बाहेर'. त्या दोन तोंडांवर चिकटवल्या. वायरी खोचल्या. कंपनीच्या डबीचं वायफाय बंद केलं आणि नव्या डबीला जुनंच नाव, जुनाच परवलीचा शब्द दिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. प्रोग्रामने विचारलं, आतलं तोंड कुठलं, बाहेरचं कुठलं? त्यांनी चिकटपट्ट्या बघून उत्तरं दिली. तीनदा बघून. म्हाताऱ्या पंख्याने घसा खाकरला आणि यंत्र सुरू झालं. भिंत उभी राहिली!

आणि घर बंद पडलं.

मेव्हणीचा कॉम्प्युटर, टीव्ही, प्रिंटर, फोनमधलं नेट, सगळं मुकं. सासूबाई टॅब्लेटवर पत्ते खेळतात, तो डाव अर्ध्यात गोठला. पावणेदहा झाले. दहा झाले. मला फोन आला तेव्हा चावीवाल्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी वाटलं कोणी लहान मूल बोलतंय.

मी पोचलो तेव्हा इस्पितळातून दुसऱ्यांदा विचारणा होऊन गेली होती. मेव्हणी फोन छातीशी धरून उभी होती.

"चौदा अहवाल थांबलेत," ती मला म्हणाली. नवऱ्याकडे बघून काहीच म्हणाली नाही. आमच्या सासरच्या बायकांचं हे सगळ्यात भारी हत्यार आहे. माझ्यावरही ते चालवलं जातं.

सासूबाई मात्र आतून सारख्या विचारत होत्या, "जावईबापू, दहाला चालू होणार होतं ना? दहा वाजून गेले हो."

"आई, पत्ते काय पळून चाललेत?" मेव्हणी करवादली.

"पत्त्यांचं नाही गं," सासूबाई म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. त्या गप्प होणं ही तशी नोंद घेण्यासारखी घटना होती, पण त्या गडबडीत कोणाचंच लक्ष गेलं नाही.

चावीवाल्यांनी दुरुस्तीवालीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"काका, 'आत' लिहिलंय तिथे कुठली वायर घातलीत?"

"जिथून आत येतं ती."

"कुठून येतं?"

"रस्त्यावरून. मेन लाइन. आणि 'बाहेर'मध्ये घराकडे जाणारी."

मग ती म्हणाली, "अहो काका! आत म्हणजे घर. तुम्ही अख्ख्या जगाला घरात घेतलंत आणि काकूंना रस्त्यावर काढलंत!"

यात चावीवाल्यांची काय चूक, हे मला आजही सांगता येत नाही. पाण्याच्या माणसाला आत म्हणजे पाणी जिथून आत शिरतं ती बाजू, आणि बाहेर म्हणजे जिथून ते पडतं ती. एकतीस वर्षं प्रत्येक टाकीवर, प्रत्येक व्हॉल्व्हवर त्यांनी असंच लिहिलं. त्यांच्या हिशेबी घर ही कायम बाहेरची बाजू. नळ तिथेच असतो. पण त्यांना चूक कोणाची यात रस नव्हता. ते पांढरेफटक पडले होते.

"म्हणजे सव्वा तास जग आपल्या घरात होतं?"

"घाबरू नका काका, कोणी आलं नाही. वायरी बदला फक्त."

"पण दार उघडं होतं."

"उघडं होतं, पण पलीकडे कंपनीची डबी आहे, ती—"

"उघडं होतं," चावीवाले म्हणाले. त्यांनी हात पाठीमागे बांधले. वायरी मी बदलल्या. एक मिनिट लागलं. टीव्ही बोलला, प्रिंटरने दोन कागद उगाचच ओकले, मेव्हणी धावत खुर्चीत जाऊन बसली आणि चौदा अहवालांच्या मागे लागली. इस्पितळाने तिला एक लेखी सूचना पाठवली. पुन्हा असं झालं तर गुरुवारची वाट बघणार नाही, असं तिचं तात्पर्य.

मंगळवारी भिंत उत्तम चालली, आणि त्यामुळे चावीवाल्यांची अवस्था आणखी वाईट झाली. बंद पडलेल्या गोष्टीची काळजी एकच असते. चालू गोष्टीच्या हजार. पंखा अडकला तर? वीज गेली तर? ते पडद्यासमोर स्टूल टाकून बसले. पडद्यावर एक यादी होती, घरात नेट घेणाऱ्या यंत्रांची. बायकोचा कॉम्प्युटर, तिचा फोन, यांचा फोन, टीव्ही, प्रिंटर, सासूबाईंचा टॅब्लेट. सहा. ते दर दोन मिनिटांनी सहा मोजत. सहाच भरत.

दहा वाजता सात भरले.

सातव्याला नाव नव्हतं. नुसती आकडे आणि अक्षरांची माळ. तो आला आणि भसाभसा नेट ओढू लागला. दहा चाळीसला निघून गेला.

"साडूभाऊ," फोनवर ते कुजबुजत होते, "तो घरात आहे."

"कोण?"

"काल दार उघडं होतं तेव्हा शिरला. मी म्हणत होतो."

मी गेलो. आम्ही दोघांनी घर शोधलं. हसू नका, चावीवाल्यांनी पलंगाखाली बॅटरी मारून बघितलं. कशात नेट दडलंय का म्हणून पंखे, दिवे, वजनकाटा, मेव्हणीचं घड्याळ, सगळं उलटंपालटं केलं. परवलीचा शब्द कोणाला दिला का, म्हणून मेव्हणीला विचारलं. तिने फक्त भुवई वर केली. मला विचारलं. मी शपथ घेतली. सासूबाईंना विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. त्या झोपल्या होत्या. निदान डोळे तरी मिटलेले होते.

गुरुवारी इस्पितळाची तपासनीस बाई यादी बघणार. यादीत सातवा असणार. कुटुंबाबाहेरचं कोणीही नसावं. चावीवाल्यांनी त्या दिवशी जेवताना पहिल्या घासानंतर पान तसंच ठेवलं आणि खिडकीची कडी बघायला उठले.

बुधवारी सकाळी मात्र त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. खात्यात चोरून घेतलेला नळ शोधायची एक पद्धत होती. रस्ता खणायचा नाही, चौकशी करायची नाही. चावी बंद करायची आणि उभं राहायचं. जो बादली घेऊन ओरडत बाहेर येतो, नळ त्याचा.

दहाला सातवा आला. चावीवाल्यांनी त्याला एक मिनिट पिऊ दिलं. शेजारच्या घरातून, भिंतीपलीकडून, क्लॅरिओनेटचे सूर येत होते. तिथे एक बँडवाले राहतात, आता निवृत्त. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिरवणुकांपुढे वाजवत चालले. चावीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, बोटाने एक कळ दाबली आणि म्हणाले, "बंद."

सूर मध्येच तुटला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. "हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का गं?" असा आवाज आला.

आणि मग आपल्याच घराच्या आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "जावईबापू, चावी सोडा. बँडवाल्यांचं पाणी बंद झालं."

मेव्हणी कानावरचं काढून उठली. "आई! तू दिलास परवलीचा शब्द?"

"दिला. चिठ्ठीवर लिहून दिला. गॅलरीतून."

"का?"

सासूबाई भिंत धरून दारापर्यंत आल्या. वॉकर नव्हता, पण त्या क्षणी कोणाची बोलायची छाती झाली नाही.

"तुम्ही असता आपापल्या कामात. मी त्या भिंतीशी पडलेली. रोज सकाळी ते फुंकायचे, मला घड्याळ लागायचं नाही. बायको गेली आणि वर्षभर त्या भिंतीतून खोकल्याशिवाय काही आलं नाही. मग नात म्हणाली, आजोबा, मला फोनवर शिकवा. त्यांच्याकडे कुठलं नेट? म्हटलं आमचं घ्या. आपल्याकडे भरून वाहतंय."

"पत्रात काय लिहिलंय माहितीय ना तुला?"

"मला कोणी पत्र वाचून दाखवलं का?"

हे खरं होतं. त्यांची हालचाल, औषधं, वॉकर यांवरून आम्ही त्यांना रोज सुनवायचो. पत्र मात्र कोणी ऐकवलं नव्हतं.

मेव्हणी खुर्चीवर बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "तोडा असं मी म्हणणार नाही. पण उद्या ती बाई नाही म्हणाली, तर परवापासून मी सकाळी आठला बाहेर आणि सातला घरी. आई पडली तर कोण उचलणार, ते आजच ठरवून ठेवा."

"मला कोणी उचलायला नको. मी भिंत धरून जाते."

"भिंत धरूनच पडलीस ना!"

चावीवाले मधे उभे. एका बाजूला त्यांच्या घराचा डोलारा, दुसऱ्या बाजूला तुटलेला सूर. त्यांचे दोन्ही हात नसलेल्या दांड्यावर अर्धा वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे फिरत होते.

"आत घ्यायचं नाही तर नका घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "पण हाकलता कशाला? ओसरीवर बसवा."

"हो, भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी!" मेव्हणी फणकारली.

चावीवाले दोघींकडे बघत नव्हते. ते वाकले होते आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे त्या चिंधीच्या बुचाकडे बघत होते.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमच्याकडे जुनी वायफायची डबी आहे ना?"

होती. मी घेऊन आलो. दुरुस्तीवाली फोनवर सांगत गेली, चावीवाले करत गेले, प्रत्येक गोष्ट तीनदा. चिंधी निघाली, तिसऱ्या तोंडात वायर गेली आणि वायरीच्या टोकाला माझी डबी. तिचं नाव वेगळं, परवलीचा शब्द वेगळा. घराचा जुना शब्द बदलून टाकला आणि ओसरीचा शब्द चिठ्ठीवर लिहून गॅलरीतून बँडवाल्यांना दिला. तिसऱ्या तोंडाला दोन नियम. इथून जगात जाता येईल. इथून घरात जाता येणार नाही. ना मेव्हणीच्या कॉम्प्युटरकडे, ना टीव्हीकडे, ना सासूबाईंच्या पत्त्यांकडे. शिवाय दाब कमी ठेवला. "दीड वेढा," चावीवाले म्हणाले. मग त्यांनी तिसरी चिकटपट्टी कापली, त्यावर 'ओसरी' लिहिलं आणि चिकटवली. यावेळी मेव्हणीला बोलावून विचारलं, "ओसरी म्हणजे कुठली बाजू, तुझ्या मते?" आणि दुरुस्तीवालीलाही. आणि मलाही.

मेव्हणीने एकच अट घातली. "उद्या ती बाई विचारेल तेव्हाच सांगायचं. आपणहून नाही."

"आपणहून नाही," चावीवाले म्हणाले.

गुरुवारी दहाला पाच कमी असताना घंटा वाजली. दारात इस्पितळाची तपासनीस बाई. हातात बॅग, कपाळावर आठ्या. चावीवाल्यांनी दार उघडलं आणि नमस्कार करायच्या आधी म्हणाले, "आत सहा आहेत आणि एक ओसरीवर."

मेव्हणीने कपाळाला हात लावला.

बाईंनी काही विचारलं नाही. त्या स्टुलावर बसल्या, आपलं यंत्र काढलं आणि भिंत ठोकायला लागल्या. आधी जगाच्या बाजूने. एकेक दार ठोकत होत्या आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत होती, परत, परत, परत. चावीवाले त्यांच्या मागे उभे. पंख्याचा आवाज जरा बदलला की हे वाकून त्याला कान लावायचे. मी एक बिस्किट हातात घेऊन बसलो होतो; ते घामाने माझ्या हातात भिजून मोडलं. मेव्हणी काम करत होती, पण मी बघितलं, ती एकच ओळ टाइप करून पुसत होती.

दहा वाजता भिंतीपलीकडे क्लॅरिओनेट सुरू झालं. साधी सरगम. वर, खाली, आणि मग थोडं थांबून दुरून तीच सरगम अडखळत, कच्ची.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"ओसरी," चावीवाले म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही. सोमवारी जगाला घरात घेतलं तेही सांगितलं, जे कोणी विचारलं नव्हतं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी आपलं यंत्र ओसरीच्या डबीला जोडलं आणि तिथून मेव्हणीच्या कॉम्प्युटरकडे जायचा प्रयत्न केला. एकदा. दुसऱ्यांदा वेगळ्या वाटेने. तिसऱ्यांदा. तीनदा बघणारं माणूस भेटल्यावर चावीवाल्यांना बरं वाटायला हवं होतं, पण ते पडद्यावरच्या ओळी मोजत राहिले.

"शिरता येत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "भिंत चांगली आहे. पण माझी अडचण वेगळी आहे. नियम म्हणतो, घरातल्या जाळ्यावर कुटुंबाबाहेरचं कोणी नको. ही तुमची ओसरी मी घरात धरू की बाहेर?"

चावीवाल्यांनी तिन्ही चिकटपट्ट्यांकडे बघितलं. आत आणि बाहेर या दोन शब्दांवरचा त्यांचा विश्वास सोमवारीच उडाला होता.

"बाई," आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "ओसरीवर कोणी येऊन बसलं तर तुम्ही त्याला काय म्हणता?"

"काय म्हणते?"

"'आत या' म्हणता ना? आत असता तर कशाला म्हणाला असता?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. भिंतीपलीकडे कच्च्या सरगमीत एक सूर चुकला, पक्क्या सुराने तो परत वाजवून दाखवला. बाई हसल्या नाहीत, पण कपाळावरच्या आठ्यांमधली एक कमी झाली. त्यांनी कागदावर लिहिलं, आणि मेव्हणीने मान लांब करून वाचलं: 'ओसरी — घराबाहेर. घराशी जोडलेली नाही.' खाली सही. खाली लिहिलं, दर तीन महिन्यांनी पुन्हा बघू.

दार लागलं. मेव्हणी खुर्चीवरून उठली, नवऱ्याजवळ गेली आणि त्यांच्या सदऱ्यावरची धूळ झटकली. तिथे धूळ नव्हती. "अहो, जेवा आता," एवढंच म्हणाली. चावीवाल्यांनी मान हलवली आणि कडी ओढून बघायला गेले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात पुढे गेला तेवढ्यात बाहेरून कोणी दार वाजवलं, आणि ते असे दचकले की मीच जाऊन उघडलं.

बँडवाले उभे होते. अंगात घरातलाच सदरा, पण वरचं बटण लावलेलं.

"नमस्कार. ते काल तुम्ही नवीन जोडून दिलंत ना... उपकार झाले. पण एक सांगू का, राग मानू नका. जरा हळू येतंय हो. नातीचा चेहरा मध्येच चौकटी चौकटी होतो. जरा वाढवता येईल का?"

"भट!" मेव्हणी माझ्या कानाशी पुटपुटली. "एका दिवसात पाय पसरले!"

मी चावीवाल्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे पुन्हा जेवण टाकणार. पण त्यांचे खांदे खाली आले होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते एखाद्या सुखी माणसासारखे दिसत होते.

"साडूभाऊ," मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "एकतीस वर्षांत एक शिकलो. ज्याच्याकडे पाणी पोचतच नाही, तो तक्रार करत नाही. तो भांडं घेऊन दुसरीकडे जातो. दाब कमी आहे म्हणून माणूस दारात आला, म्हणजे पाणी पोचतंय."

आणि ते आत गेले, स्टुलावर बसले, दोन्ही हात पुढे करून पडद्यावर पाव वेढा वाढवला. मग तो खरंच वाढला का, हे दोनदा बघितलं.